बिनइस्त्रीचं बोलणं

वानखडेबाई कचरा चुकीचा टाकायच्या. चुकून नव्हे. ठरवून, आधी विचार करून, कचऱ्याचे वार पाहून टाकायच्या. जपानमध्ये राहिलेल्या माणसाला हे वाचूनच घाम फुटेल. इथे आल्यावर आपण भाषेच्याही आधी शिकतो ते कचऱ्याचे वार. जळणारा कधी, प्लास्टिक कधी, काच कधी. बाटलीचं झाकण वेगळं, तिच्यावरचं वेष्टण वेगळं, बाटली विसळून वेगळी. क्योतोत शेजारच्या बाईंनी आमच्या पिशवीकडे पाहून पहिल्यांदा मान डोलावली, तेव्हा मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं होतं. आणि इथे या बाई! आयुष्य जपानमध्ये काढलेल्या, विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवणाऱ्या. जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी झाकणांसकट बाटल्या ठेवायच्या आणि खिडकीच्या पडद्याआड उभ्या राहून कोण ओरडायला येतंय ते पाहायच्या.

माझी त्यांची ओळख झाली ती नोकरीच्या निमित्ताने. नवरा इथल्या प्रयोगशाळेत, मुलगी शाळेत, आणि मी घरात कचरा वेगळा करत बसलेली. कुणीतरी सांगितलं, विद्यापीठात एका मराठी प्राध्यापकबाईंना अर्धवेळ मदतनीस हवी आहे. मी प्रमाणपत्रांची फाईल घेऊन गेले. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही.

"गाडी चालवता येते?"

"हो."

"भांडता येतं?"

"नवऱ्याशी येतं," मी म्हणाले.

"ते सगळ्यांनाच येतं. बरं, देवनागरी नीट लिहिता येत असेल तर सोमवारपासून ये."

बाईंचा विषय होता जपानी आणि झोंगखा या दोन भाषांच्या प्रादेशिक बोलींची तुलना. झोंगखा म्हणजे भूतानची राजभाषा. हा विषय ऐकला की पाहुणे हटकून एकच प्रश्न विचारायचे, की या दोन भाषांचा एकमेकींशी संबंध काय. "काही नाही," बाई म्हणायच्या. मग तुलना कशासाठी, असं पुढे कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर तयार असायचं: "संबंध नसलेल्यांचीच तुलना करता येते हो. संबंध असलेल्यांची भांडणं होतात." पाहुणे हसायचे. बाई हसायच्या नाहीत. त्यांना हसताना मी पाहिलंय, पण ते बहुधा दुसरं कुणी चिडलेलं असताना.

पाहुण्यांशी त्या असं स्वच्छ, छापील मराठी बोलायच्या. जपानी लोकांशी त्याहून छापील जपानी. मात्र गाडीत बसून दार लागलं की बाई मूळच्या विदर्भातल्या व्हायच्या. "काय हळूहळू चालवून रायली तू? मांगून ट्रक येऊन रायला ना." पहिल्या दिवशी मी दचकले. पुढे मला त्याची इतकी सवय झाली की त्या प्रमाण मराठीत बोलल्या तर माझं काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

बाईंच्या सगळ्या अभ्यासाचं सार त्यांनी मला गाडीतच सांगितलं होतं. "पाहुण्यापुढं सारे इस्त्रीचं बोलतात. अन् आपन पडलो पाहुने. मंग बिनइस्त्रीचं ऐकाचं कसं?" अडचण खरी होती. जपानी खेड्यात रेकॉर्डर ठेवला, की मिनिटापूर्वी कुत्र्यावर खेकसणारा म्हातारा बातम्या दिल्यासारखा बोलू लागतो. भूतानमध्येही तेच. तिथे दर खोऱ्याची झोंगखा निराळी. पण परका माणूस समोर आला, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचा 'ला' लागतो आणि सगळी खोरी सारखीच बोलू लागतात. दोन्हीकडे आदराची भाषा वरून घालायची आणि बोली आत. बाईंना तुलना करायची होती ती आतल्या बोलींची.

भूतानमध्ये बाईंनी तोडगा काढला तो जेवणाचा. शेरिंग नावाचा त्यांचा एक भूतानी विद्यार्थी होता, 'हा' नावाच्या खोऱ्यातला. त्याच्याकडून मी ही हकिकत ऐकली. त्यांच्याकडे रीत अशी, की यजमानाने वाढायला घेतलं की पाहुण्याने तोंडावर हात धरून नको नको म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा, मग पाहुण्याने घ्यायचं. बाई घ्यायच्याच नाहीत. आग्रहावर आग्रह व्हायचा, बाईंचा हात तोंडावरच. हळूहळू यजमानीणबाईंच्या वाक्यांतला 'ला' गळायचा, आवाज चढायचा, आणि शेवटी अस्सल 'हा' खोऱ्यातली झोंगखा बाहेर पडायची. शेरिंगच्या मावशीने तर अखेर पातेलंच आणून बाईंच्या मांडीवर ठेवलं. जेवण झाल्यावर बाई सगळं खरं सांगून टाकायच्या आणि रेकॉर्डिंग ऐकवायच्या. घरातले पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, ठेवा ठेवा, पुन्हा लावा. त्या दौऱ्याहून बाई उत्तम ध्वनिमुद्रणं आणि मिरच्यांनी झालेली आम्लपित्ताची तक्रार घेऊन आल्या.

जपानमध्ये जेवणाने काम झालं नसतं. इथे पाहुणा नको म्हणाला तर लोक पटकन ऐकतात. म्हणून कचरा.

क्योतोच्या उत्तरेला, समुद्राच्या बाजूच्या डोंगरांत एक लहानसं गाव आहे. गावाची बोली क्योतोपेक्षा अगदी वेगळी आणि ती बोलणारे सगळे म्हातारे. बाईंनी तिथे एक रिकामं पडलेलं घर भाड्याने घेतलं होतं. शनिवार-रविवारला जोडून रजा घेऊन आम्ही जायचो. कचरा गोळा करण्याच्या जागेवर कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून जाळं असायचं आणि त्या जाळ्यावर मात्सुनोआजींची नजर. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, कमरेत वाकलेल्या. शेजारीच घर. पहिल्या वेळी त्या बाईंना अतिशय अदबीने म्हणाल्या होत्या, की परदेशी पाहुण्यांना हे नियम फार अवघड जात असतील. दुसऱ्या वेळी थोडं कमी अदबीने. पुढे एकदा झाकणांसकट बाटल्यांची पिशवी उचलून त्या दारात आल्या आणि इस्त्री पार उतरली.

ते बोलणं मी देवनागरीत उतरवून घेत असे आणि शेजारी मराठी अर्थ लिहीत असे. माझा पुणेरी अर्थ बाईंनी खोडला. "अशी बोलते का ते? ते त माह्या मावशीसारखी बोलते." मग अर्थ त्या स्वतः सांगू लागल्या. त्यामुळे माझ्या लेखी मात्सुनोआजी आजतागायत वऱ्हाडीच बोलतात. "काहून वं, डोये फुटले का तुहे? झाकन कोन काढन, तुहा बाप येनार हाय का?" बाई दारात खाली मान घालून उभ्या. चेहऱ्यावर गवयाची पहिली तान ऐकणाऱ्या माणसाचं समाधान. ॲप्रनच्या खिशात रेकॉर्डर. आजींचं ओरडून झालं की बाई कमरेत वाकून पाठ्यपुस्तकातल्या जपानीत म्हणायच्या, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व." आजी तणतणत जायच्या. आणि संध्याकाळी मुळ्याची जुडी दारात ठेवून जायच्या.

हे वर्षानुवर्षं चाललं. आजी ओरडायच्या आणि मुळे द्यायच्या. बाई ऐकायच्या आणि मुळे खायच्या. गावात बाई बोली शिकायला येतात हे सर्वांना ठाऊक होतं. शब्द विचारायची, ते रेकॉर्ड करायची रीतसर परवानगी होती. बोलणी खातानाचं रेकॉर्ड करायची नव्हती. भूतानमध्ये बाई नंतर सगळं सांगायच्या. इथे सांगायचं राहून गेलं, कारण सांगितलं की ओरडणं बंद झालं असतं. मी एकदा तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "पुस्तक झालं की सांगू ना. खुश होईन ते." हे त्या मनापासून म्हणत होत्या. अस्सल बोली हा त्यांच्या लेखी माणसाचा सर्वात मोठा दागिना. तो दाखवला तर कुणी रागवेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

मग गावच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. विषय: आपल्या गावची बोली. मात्सुनोआजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, केस नीट बसवून, ठेवणीतला पोशाख घालून. बाई जपानी आणि झोंगखा बोलींबद्दल सुंदर बोलल्या आणि मग म्हणाल्या, की आता या गावच्या बोलीचा मी ऐकलेला सर्वोत्तम नमुना ऐका. आणि बटण दाबलं. सभागृहभर आजींचा आवाज घुमला, झाकणं, डोळे, बाप वगैरे सगळ्यासकट. लोक हसले. वाईट हेतूने नाही, ओळखीचं ऐकल्यावर हसतात तसे. बाई आनंदाने आजींकडे पाहत होत्या. आजी हसत नव्हत्या. आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर आजी पुढे आल्या, वाकलेली कंबर आणखी वाकवून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आज आम्हाला फार मोलाची माहिती मिळाली. आपले अत्यंत आभारी आहोत." स्वच्छ, प्रमाण जपानी. एक स्वर इकडचा तिकडे नाही. बाईंचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"भारी जपानी बोलतात की आजी," मी गाडीत म्हणाले.

बाई प्रमाण मराठीत म्हणाल्या, "गाडी चालव."

त्यानंतर आजी कधी ओरडल्या नाहीत. बाईंचा कचरा चुकला, आणि आता तो खरोखरच गोंधळामुळे चुकत होता, तर आजी काही न बोलता तो उचलून न्यायच्या. बाटल्या विसळून, झाकणं काढून, जागच्या जागी ठेवायच्या. रस्त्यात भेटल्या तर हवा थंड झाली आहे, प्रकृतीची काळजी घ्यावी, असं म्हणायच्या. मुळे यायचे बंद झाले. बाईंनी क्षमा मागायला क्योतोच्या जुन्या दुकानातून मिठाईचा सुबक डबा नेला. आजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, एवढी तसदी कशाला घेतलीत म्हणाल्या आणि दार हळूच लावलं. जपानमध्ये दार आपटलं गेलं तर आशा असते.

शेरिंगला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडेही असंच. माझी आजी माझ्यावर खरी रागावली, की माझ्या नावापुढेसुद्धा 'ला' लावते." आमच्या घरी आई मला "अश्विनीताई, जेवून घ्यावं" म्हणाली की मी ताटावर निमूट बसायचे. तिन्ही भाषांत राग इस्त्री करूनच यायचा. एरवी असा मुद्दा हाती लागल्यावर बाई उठून फळ्याकडे गेल्या असत्या. त्या दिवशी बसल्या जागीच म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? ते माह्याशी शेजारीन म्हनून बोलली. मी तिचा नमुना केला."

आजींची सगळी रेकॉर्डिंग बाईंनी स्वतःच्या हाताने पुसली. मी उतरवून घेतलेलं सगळं फाडायला लावलं. पुस्तकाचा अर्धा भाग त्यावर उभा होता. त्या गावची बोली कुणीच अशी पकडली नव्हती आणि ती बोलणारी माणसं वर्षागणिक कमी होत होती. मी अक्षरशः विनवण्या केल्या. निदान कुलपात ठेवा, आजींच्या पश्चात छापा म्हणाले. हे बोलल्याची मला लगेच लाज वाटली. पण त्यामागे माझीही मेहनत होती.

"तिले विचारलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग ते आपलं नाई."

आता पुस्तकाचा प्रश्नच उरला नव्हता. बाईंना हवं होतं ते एवढंच, की मात्सुनोआजींनी पुन्हा एकदा आपल्याशी आपल्यासारखं बोलावं. त्यासाठी कुठलीही युक्ती करायची नाही, अशी त्यांनी स्वतःला अट घातली होती. युक्ती न करता काय करायचं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर त्याच केल्या होत्या.

त्या हिवाळ्यात गावात फार बर्फ पडला. तिथे छपरावरचा बर्फ वेळीच खाली ओढावा लागतो, नाहीतर घर बसतं. बाईंच्या छपराचा उतार आजींच्या वाटेवर होता. आम्ही पोचलो तर अर्धा बर्फ घसरून आजींच्या दारासमोर पडलेला, आणि उरलेला पडायच्या बेतात. शेरिंगही सोबत होता. तो खाली वाट मोकळी करू लागला. मी फावडं शोधायला मागे गेले. परत येते तर निवृत्तीला टेकलेल्या बाई शिडी लावून छपरावर.

त्याच वेळी शेजारचं दार उघडलं. आजी बाहेर आल्या, त्यांनी वर पाहिलं, आणि सगळं गाव दणाणलं.

"अवं ए! मराले वर चढली का वं? वय काय तुहं, अक्कल काय तुही! पडली त हाडं कोन येचन, म्या?"

माझा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. बाईंनी वरून नको म्हणून मान हलवली आणि मी फोन सोडून दिला. तेवढ्यात त्यांचा पाय सरकला, फावडं खाली आलं आणि बाई छपरावरच्या बर्फात फतकल मारून बसल्या. आणि तिथूनच, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पाठ्यपुस्तक बाजूला राहिलं.

"अवो माय! पाडलं ना मले! काहून एवढी बोंबलून रायली वो? तुह्याच दाराशी बर्फ पडते म्हनून चढली ना मी! अन् बोलत नाई, चालत नाई, बाटल्या धुऊन ठेवते! माह्या जिवाले काय वाटत असन?"

डोंगरांत वऱ्हाडी घुमली. आजींना त्यातला एक शब्द कळला नसणार. बाई भानावर आल्या, बर्फातच गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "क्षमस्व, माझ्याकडून फार मोठी आगळीक झाली." छापील जपानीत.

"ते नको," आजी म्हणाल्या. "आदुगरचं बोल. ते तुह्या गावचं होतं का?"

"हो."

"इतकी वर्सं येऊन रायली, अन् आज बोलली होय?" आजींचा आवाज आता खाली आला होता. "माह्यं सारं ऐकलं तुनं. साऱ्या गावाले ऐकवलं. अन् तुहं एक अक्षर मले नाई ऐकवलं. मले वाटलं, तुले पुस्तकातलंच येते." मग त्यांनी शेरिंगकडे पाहून शिडी नीट धर म्हणून त्यालाही चार शब्द सुनावले, आणि बाईंना म्हणाल्या, "उतर. चहा प्याले ये."

बाई शिडी उतरल्या तेव्हा रडत होत्या. मीही रडत होते. शेरिंग शिडी धरून होता, त्यामुळे त्याला डोळे पुसता येईनात.

पुढे बाई जपानमध्ये होत्या तोवर आम्ही त्या गावी जात राहिलो. दोघी खाली शेगडी बसवलेल्या बुटक्या मेजात पाय घालून समोरासमोर बसायच्या. आजी आपल्या बोलीत, बाई आपल्या. एकीला दुसरीचं सगळं कळायचं, दुसरीला पहिलीचं काहीच नाही, आणि तरी जास्त प्रश्न आजीच विचारायच्या. रेकॉर्डर क्योतोत असायचा. बाईंचं पुस्तक निघालं त्यात 'हा' खोऱ्याच्या झोंगखाबद्दल भरपूर मजकूर आहे. या गावाबद्दल एकच ओळ आहे, की इथली बोली लेखिकेने ऐकली आहे. परीक्षकांनी त्यावर संशोधन अपुरं असा शेरा मारला. बाईंनी तो मला गाडीत वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "बरोबर हाय त्यायचं."

निवृत्त होऊन बाई नागपूरला गेल्या आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच वारल्या. मला त्यांच्या भाच्याचा फोन आला. मात्सुनोआजींना हे फोनवर सांगणं मला बरं वाटेना. मी एकटीच गाडी घेऊन गेले. वाटभर मी जपानीत दुःखद वार्ता सांगायचं योग्य, अदबीचं वाक्य घोकत होते. आजी दारातच भेटल्या, आणखी वाकलेल्या. मी ते वाक्य एकही चूक न करता म्हटलं.

आजींनी ऐकून घेतलं. अशा वेळी जपानीत म्हणायचं ठरलेलं एक वाक्य असतं. ते येईल म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. ते आलं नाही. आजींनी दाराच्या चौकटीला धरलं आणि हळूच, बाईंच्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "अवो माय."

मग पुन्हा एकदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा उच्चार अगदी बरोबर होता.